रस्त्यातल्या वस्तू काय सांगतात? – कृष्णधवल छायाचित्र वाचण्याचा एक पाठ



नववीच्या चित्रकलेच्या तासाला मी एकदा एक जुने कृष्णधवल छायाचित्र फळ्यावर लावले होते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने ते १९३२ साली पॅरिसमधील सँ-लझार या रेल्वे स्टेशनच्या मागे टिपलेले आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे. त्याची टाच पाण्याला टेकणार, एवढ्यात छायाचित्र थांबले आहे. पाण्यात एक लाकडी शिडी आहे, काही वाकलेल्या पट्ट्या आहेत आणि मागे भिंतीवर जाहिराती चिकटवलेल्या आहेत.

मी विचारले, "या चित्रातल्या वस्तू कशाची प्रतीके आहेत?" उत्तरे भराभर आली. शिडी म्हणजे प्रगती. पाणी म्हणजे जीवन. उडी म्हणजे धाडस. सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली. परीक्षेत कदाचित गुणही मिळाले असते.

मग मी एवढेच म्हटले, "शिडी कशी आहे ते एकदा नीट बघा." वर्ग गप्प झाला. शिडी उभी नव्हतीच! ती पाण्यात आडवी पडलेली होती. तिच्यावरून कोणी वर चढत नव्हते. त्या माणसाने तिचा उपयोग पाय कोरडे ठेवण्यासाठी केला होता, आणि शिडी संपली तेव्हा त्याला उडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आपण वस्तूचे नाव वाचले, वस्तू पाहिलीच नाही. आजचा पाठ याच चुकीविषयी आहे. ही चूक विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांकडूनही होते. तिचा एक कडू अनुभव मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे.

संकेत आणि प्रतीक

सुरुवातीला दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. चौकातला लाल दिवा हा संकेत आहे. त्याचा अर्थ ठरलेला असतो आणि तो सर्वांसाठी एकच असतो. प्रतीकाचे तसे नसते. प्रतीकात वस्तू आपली मूळ ओळख सोडत नाही आणि तरीही स्वतःपलीकडचे काही सुचवते. अंगणातले तुळशीवृंदावन हे झाड लावायची जागा तर आहेच, शिवाय त्या घराची ओळखही आहे.

प्रतीके दोन प्रकारची असतात, असे छायाचित्रांपुरते म्हणता येईल. काही वस्तू छायाचित्र काढण्याआधीच प्रतीक झालेल्या असतात. अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात काढलेले गांधीजींचे छायाचित्र तुम्ही पुस्तकात पाहिले असेल. गांधीजी मागे बसून वाचत आहेत आणि चरखा पुढे, जवळजवळ अर्धे चित्र व्यापून उभा आहे. चरखा हे स्वावलंबनाचे प्रतीक आहे हे साऱ्या देशाला तेव्हाही ठाऊक होते. छायाचित्रकर्तीने त्याला योग्य जागा दिली, एवढेच. छायाचित्र काढण्यापूर्वी तिला सूत कातायला शिकण्याची अट घालण्यात आली होती, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. ती मला फार आवडते. वस्तू दाखवण्याआधी वस्तू समजून घ्या, हाच तिचा अर्थ.

दुसऱ्या प्रकारच्या वस्तू रस्त्यावर सापडतात. छत्री, किटली, कुलूप, हातगाडी, पुडके, बाटली. त्यांना अगोदरपासून कोणताही थोर अर्थ चिकटलेला नसतो. त्या कोणाच्या हातात आहेत, कशाच्या शेजारी आहेत, उजेडात आहेत की सावलीत, यावरून त्या एका चित्रापुरता त्यांना अर्थ येतो. दुसऱ्या चित्रात तीच छत्री वेगळे सांगेल. म्हणून रस्त्यावरील छायाचित्रांसाठी 'छत्री म्हणजे संरक्षण, कुलूप म्हणजे बंधन' असा कोश करता येत नाही. कोणी केलाच तर तो पहिल्याच चित्रात खोटा ठरेल.

रंग नसल्याने काय होते?

एक सोपा प्रयोग करा. खंडेराव मार्केटमधल्या भाजीच्या हातगाडीचे मोबाइलने छायाचित्र काढा आणि त्यातला रंग काढून टाका. लालभडक टोमॅटो आणि हिरवी ढोबळी मिरची करड्या रंगाच्या जवळजवळ सारख्याच छटेत दिसू लागतील. आता त्यांना वेगळे ओळखायचे तर आकारावरून आणि त्यांच्या पाठीवरच्या चकाकीवरून. त्याच वेळी आतापर्यंत न दिसलेली एखादी गोष्ट पुढे येईल. तराजूच्या साखळ्यांची सावली, किंवा वजने उचलून झिजलेली विक्रेत्याची बोटे.

रंग आपले लक्ष चटकन वेधतो. तो बाजूला झाला की डोळा आकार, पोत, उजेड-अंधार आणि दोन वस्तूंमधले अंतर यांकडे वळतो. प्रतीक बहुधा याच चार गोष्टींतून तयार होते. सावलीचेच उदाहरण घ्या. आंद्रे केर्तेझ या हंगेरीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने १९२८ मध्ये ताटलीच्या कडेला टेकवलेल्या एका काट्याचे चित्र काढले. चित्रात काटा, ताटली आणि त्यांच्या सावल्या यांशिवाय काहीही नाही. हे रस्त्यावरचे चित्र नव्हे, पण रस्त्यावर जाण्यापूर्वी गिरवावे असे आहे. रोज जेवताना हातात धरतो ती वस्तू एवढी देखणी असते, हे त्या सावलीमुळे कळते.

आता काही चित्रे एकेक करून वाचू.

आडवी शिडी

सँ-लझारच्या चित्राकडे पुन्हा येऊ. मागच्या भिंतीवरच्या एका जाहिरातीत उडी घेणाऱ्या नर्तकीची आकृती आहे. पुढचा माणूस उजवीकडे झेपावतो आहे आणि नर्तकी त्याच्या उलट दिशेला. पाण्यात त्या माणसाचे प्रतिबिंब पडले आहे. म्हणजे एकच उडी तीनदा दिसते: माणसाची, प्रतिबिंबाची आणि कागदावरची. नर्तकी कधीच खाली येणार नाही. माणूस मात्र पुढच्याच क्षणी पाण्यात पडणार. शिडी मागे राहिली आहे, म्हणजे परतीची वाट नाही. आडव्या शिडीचा अर्थ असा आजूबाजूच्या गोष्टींतून लागतो.

हे चित्र लाकडी फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढलेले आहे. फट अरुंद असल्याने कडेचा भाग पुढे कापावा लागला. कार्तिए-ब्रेसाँ आपली छायाचित्रे सहसा कापू देत नसत, म्हणून हा अपवाद नेहमी सांगितला जातो. १९५२ साली त्यांचे जे पुस्तक निघाले त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'निर्णायक क्षण' असा होतो. तेव्हापासून हा शब्द छायाचित्रणात रूढ झाला.

काखोटीचे पुडके

केर्तेझ यांचेच, १९२८ सालचे आणखी एक चित्र आहे. पॅरिसजवळच्या मदाँ या गावातली एक अरुंद गल्ली. मागे उंच कमानींचा रेल्वे पूल. पुलावरून वाफेचे इंजिन गाडी ओढत चालले आहे. पुढे टोपी घातलेला एक माणूस आपल्या दिशेने येतो आहे आणि त्याच्याजवळ कागदात गुंडाळलेले एक चपटे पुडके आहे. याच जागेची, गाडी आणि माणूस नसलेलीही छायाचित्रे केर्तेझ यांनी काढलेली आहेत. त्यांत गल्ली नुसती गल्लीच वाटते.

पुडक्यात काय आहे ते चित्र सांगत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पुडके नसते तर हा रस्त्याने जाणारा एक माणूस होता. पुडक्यामुळे तो कुठून तरी निघालेला आणि कुठे तरी पोहोचायचा असलेला माणूस झाला. वर गाडीही कुठून तरी कुठे तरी चालली आहे. एक मोठा प्रवास आणि एक लहान प्रवास एका चौकटीत आले. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की जी वस्तू झाकलेली आहे तिच्याबद्दल 'झाकलेली आहे' एवढेच लिहावे. आत काय आहे ते आपल्या मनाने भरू नये.

दोन बाटल्या

१९५० च्या दशकात कार्तिए-ब्रेसाँ यांनी पॅरिसच्या र्यू मुफ्तार या बाजाररस्त्यावर एका मुलाला टिपले. त्याने दोन्ही हातांत एकेक भली मोठी बाटली छातीशी धरली आहे. मान ताठ, चेहऱ्यावर अभिमानाचे हसू. मागे काही मुली अस्पष्ट दिसतात.

मुलाच्या हाती वाइनच्या बाटल्या पाहून आमच्या वर्गातल्या काही मुलांनी 'व्यसन' असे उत्तर दिले होते. आपल्या घरांतल्या संस्कारांच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. पण हे चित्र फ्रान्समधले आहे. तिथे जेवणाबरोबर वाइन घेण्याची रीत होती आणि घरातल्या मुलाला दुकानातून ती आणायला पाठवणे हे आपल्याकडे दूध आणायला पाठवण्यासारखे होते. मग चित्र वेगळेच दिसू लागते. 'मोठ्या माणसांचे काम मला सांगितले आणि मी ते न सांडता पार पाडले', हा त्या मुलाचा अभिमान आहे. बाटली मोठेपणाची खूण झाली. वस्तू ज्या मुलखातली आहे तिथली रीत माहीत करून घेतल्याशिवाय तिचा अर्थ लावू नये, हा या चित्राचा धडा.

ध्वज की कापड?

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर मोटारीने फिरून हजारो छायाचित्रे काढली आणि त्यांतून अवघी ८३ निवडून पुस्तक केले. 'द अमेरिकन्स' हे ते पुस्तक १९५८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघाले. त्यातले पहिलेच चित्र होबोकेन या गावच्या एका मिरवणुकीच्या वेळचे आहे. मिरवणूक मात्र चित्रात दिसतच नाही. विटांच्या भिंतीत दोन खिडक्या आहेत, दोन्हींत बायका उभ्या आहेत आणि वरून लटकणाऱ्या राष्ट्रध्वजाने एका बाईचा चेहरा झाकून टाकला आहे.

इथे चरख्याच्या उलट घडले आहे. ध्वज हे आधीपासूनचे, सर्वांत मोठे प्रतीक. फ्रँक यांनी त्याला पुन्हा एक कापड म्हणून दाखवले. कापड वाऱ्याने हलते, खिडकीवर येते, माणूस झाकते. मग प्रश्न उभा राहतो: ज्या माणसांसाठी ध्वज आहे, ती त्याच्यामागे दिसतात का? पुस्तकावर अमेरिकेत सुरुवातीला कडक टीका झाली. आज ते छायाचित्रणातल्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकांत गणले जाते.

मनगटावरचे घड्याळ

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. योसेफ कुदेल्का हे तीस वर्षांचे छायाचित्रकार त्या दिवसांत प्रागच्या रस्त्यांवर होते. त्यांच्या एका चित्रात पुढे एक हात आडवा धरलेला आहे, मनगटावर घड्याळ आहे आणि मागे शहरातला सर्वांत रुंद, नेहमी गजबजलेला रस्ता जवळजवळ रिकामा पडला आहे.

घड्याळ आपण रोज पाहतो. 'किती वाजले' एवढाच त्याचा अर्थ. इथे ते साक्षीदार झाले. भर दिवसाच्या या वेळी, या जागी माणसे असायला हवी होती आणि ती नाहीत, हे ते घड्याळ सांगते. मागचा रस्ता नसता तर ती घड्याळाची जाहिरात झाली असती. घड्याळ नसते तर तो एक रिकामा रस्ता झाला असता. दोन्ही मिळून इतिहासाचा पुरावा तयार झाला. ही छायाचित्रे चोरून देशाबाहेर नेण्यात आली आणि १९६९ मध्ये नाव न देता छापली गेली, कारण नाव कळले असते तर कुदेल्का आणि त्यांचे कुटुंबीय संकटात आले असते. आपले नाव त्यांनी १९८४ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर उघड होऊ दिले.

वाळत घातलेल्या साड्या

आता आपल्या गुजरातेत येऊ. कार्तिए-ब्रेसाँ भारतात अनेकदा आले. १९६६ साली अहमदाबादेत त्यांनी उन्हात साड्या वाळत घालणाऱ्या बायका टिपल्या. जमिनीवर लांबच लांब साड्या पसरल्या आहेत. त्या साड्या लाल होत्या की निळ्या, हे आपल्याला कळत नाही. कळतात ते पट्टे, त्यांची लांबी आणि ते ओले कापड ओढून सरळ करणाऱ्या बायकांचे कष्ट. रंगीत छायाचित्रात आपण 'किती सुंदर साड्या!' म्हणून पुढे गेलो असतो. कृष्णधवलमध्ये साडी हे नेसायचे वस्त्र उरत नाही, ते कामाचे मोजमाप होते.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. जयपूरचे नामवंत छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी आयुष्यभर रंगीत छायाचित्रणाचा पुरस्कार केला. भारतीय माणूस जग रंगांतच पाहतो, आपली चित्रपरंपराही रंगांचीच आहे, मग रंग वगळून भारत कसा दाखवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोडून काढण्यासारखे नाही. नवरात्रातला गरबा कृष्णधवलमध्ये अर्धा मुका होईल. तेव्हा 'कृष्णधवल म्हणजे श्रेष्ठ कला' असा समज करून घेऊ नये. अर्थ रंगात असेल तर रंग ठेवावा. अर्थ आकारात, सावलीत वा रिकाम्या जागेत असेल तर रंग काढून पाहावा.

आपल्या शहराचा वारसा

वडोदऱ्यातल्या मुलांनी हा विषय परका मानू नये. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म नवसारीचा (१९१३), शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि अखेरची अनेक वर्षे आपल्या शहरात गेली. १५ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले ते वडोदऱ्यातच. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. त्यांच्या एका चित्रात दिल्लीच्या विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट पाहत उभे आहेत आणि शेजारीच 'छायाचित्र घेण्यास सक्त मनाई' अशी इंग्रजी पाटी आहे! साधी सरकारी पाटी. पण पंतप्रधानांशेजारी, आणि प्रत्यक्ष छायाचित्रातच आल्यामुळे ती मिस्कील झाली.

दुसरे नाव ज्योती भट्ट यांचे. १९३४ साली भावनगरला जन्मलेले भट्ट आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकले. त्यांचे एक गुरू नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी चित्रकार. भट्ट मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतल्या गावांतून फिरून भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या, सारवलेली अंगणे आणि त्यांच्यात वावरणारी माणसे कृष्णधवलमध्ये टिपली. सणाला काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. मातीच्या भिंतीच्या जागी सिमेंटची येते. ते चित्रच पुढे त्या कलेची एकमेव खूण उरते. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि ज्यांना 'आम्ही कुठे कलावंत?' असे वाटते त्यांच्यासाठी व्हिव्हियन मायर यांचे उदाहरण. अमेरिकेत शिकागो शहरात त्या लोकांची मुले सांभाळण्याचे काम करत. मुलांना घेऊन बाहेर पडायच्या तेव्हा गळ्यात कॅमेरा असे. वर्तमानपत्रे, कचऱ्याचे डबे, दुकानांच्या काचा, स्वतःची सावली, काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. २००७ मध्ये भाडे थकल्याने त्यांचे साठवणीतले सामान लिलावात गेले तेव्हा हा खजिना बाहेर आला. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह! २००९ मध्ये त्या वारल्या. जगाने त्यांना ओळखले ते त्यानंतर.

एका चपलेची गोष्ट

आता सुरुवातीला कबूल केलेला अनुभव. काही वर्षांपूर्वी मी मुलांना रविवारी सकाळी दांडिया बाजारपासून मांडवीपर्यंत छायाचित्रे काढायला नेले होते. आठवीतल्या एका मुलाने निघतानाच, शाळेच्या मागच्या दाराच्या पायरीवर, एक चपलांचा जोड टिपला. टाच झिजलेली, अंगठा तुटून तारेने बांधलेला. सकाळचे तिरपे ऊन होते, त्यामुळे प्रत्येक भेग दिसत होती. चित्र खरोखरच उत्तम होते. मी ते मोठे करून स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात लावले आणि खाली स्वतःच्या हाताने शीर्षक लिहिले: 'दारिद्र्य'.

संध्याकाळी झाडलोट करायला आलेल्या आमच्या मावशी त्या चित्रापुढे थांबल्या. मुलाला म्हणाल्या, "अरे बाळा, ही तर माझीच की!" आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "बाई, खाली काय लिहिलंय?"

मला वाचून दाखवावे लागले. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ही मी मुद्दाम इथं ठेवते. संडास, मोरी धुवायला. चांगली चप्पल पाण्यानं खराब होते म्हणून ती पिशवीत असते. गरीब असेन मी, पण ही काही माझी गरिबी नाही. हे माझं काम आहे."

मी त्याच क्षणी शीर्षक काढले. आडव्या शिडीवरून वर्गाला शिकवणारी मी, चपलेचे नाव आणि तिची तार पाहून मोकळी झाले होते. ती कोणाची, कशासाठी, पायरीवरच का, हे विचारायचे मला सुचले नव्हते. विचारायला फार लांब जावे लागणार होते असेही नाही. त्या रोज माझ्यासमोरून जात होत्या.

त्या मुलाला मात्र सुचले. दुसऱ्या दिवशी त्याने मावशींना विचारून दुसरे छायाचित्र काढले. तीच पायरी, तोच तारेचा जोड आणि शेजारी कापडी पिशवीतून अर्धी बाहेर डोकावणारी चांगली चप्पल. शीर्षक त्याने मावशींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिही, 'कामाची आणि घरची'." आम्ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. पहिल्यापेक्षा दुसऱ्यापुढे लोक जास्त वेळ थांबत होते. पहिल्या चित्रात आमची समजूत होती. दुसऱ्यात एक माणूस होता.

प्रतीक शोधण्याच्या नादात माणसाची वस्तू आपण त्याच्याकडून काढून घेतो आणि तिच्यावर आपला अर्थ चिकटवतो, हा या कलेतला मोठा धोका आहे. चेहरा दाखवला नाही म्हणजे कोणाचा अवमान होत नाही असे नव्हे. वस्तूलाही मालक असतो.

वाचण्याच्या पायऱ्या

कोणतेही छायाचित्र वाचताना पुढील क्रम ठेवावा:

१. चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या किमान दहा गोष्टी लिहा. अर्थ अजिबात लिहू नका. 'शिडी' एवढे पुरेसे नाही, 'पाण्यात आडवी पडलेली शिडी' असे लिहा.

२. उजेड कुठून येतो, सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा भाग कोणता, ते पाहा.

३. मुख्य वस्तू मनाने काढून टाका. चित्रात काय कमी झाले? जे कमी झाले, तिथेच अर्थ आहे.

४. ती वस्तू त्या गावात, त्या काळात कशी वापरत असत ते मोठ्यांना विचारा किंवा पुस्तकात शोधा.

५. आता अर्थ लिहा. तो 'कदाचित' या शब्दाने सुरू झाला तरी चालेल.

स्वाध्याय

(अ) घरातली रोजच्या वापराची एक वस्तू निवडा: किटली, अडकित्ता, सांडशी, शिवणयंत्र. खिडकीजवळ ठेवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिचे कृष्णधवल छायाचित्र काढा. सावली बदलल्याने काय बदलले ते पाच ओळींत लिहा.

(आ) उत्तरायणानंतर आठवडाभराने तारेत अडकलेला एखादा पतंग शोधा. त्याच्याबरोबर चौकटीत आणखी काय घ्याल ते ठरवा. त्याच पतंगाची दोन चित्रे काढा, एक आनंदाचे आणि एक उदास.

(इ) घरातला जुना अल्बम काढा. त्यातल्या एका कृष्णधवल छायाचित्रातली वस्तू निवडा: टोपी, रेडिओ, सायकल, पाण्याचा तांब्या. ती कोणाची होती, केव्हा घेतली, आता कुठे आहे, हे आजी-आजोबांना विचारून लिहा. माहिती छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने हलकेच नोंदवून ठेवा.

(ई) दुसऱ्याच्या वस्तूचे छायाचित्र काढले असेल तर ते त्या व्यक्तीला दाखवा आणि शीर्षक त्यांना विचारा.

पालकांना एवढेच सांगणे आहे की यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातला मोबाइल पुरतो. फक्त मूळ रंगीत छायाचित्र पुसू नका, रंग काढण्याचा प्रयोग त्याच्या प्रतीवर करा. (इ) मध्ये तुमची मदत लागेल, कारण आजोबांना जे आठवते ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. आपली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात आहेत. त्यांच्या आठवणी अशाच लहानसहान वस्तूंत राहिल्या आहेत.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. वरच्या मजल्यावरच्या बोळातली एक भिंत या छायाचित्रांसाठी मिळावी. प्रत्येक चित्राखाली शीर्षकाची जागा आम्ही पहिला आठवडाभर कोरी ठेवू. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आधी चित्र पाहावे, आपल्याला काय दिसते ते शेजारच्या वहीत लिहावे, आणि ज्याची वस्तू आहे त्याचे म्हणणे मग वाचावे. पहिली दोन चित्रे तयार आहेत. मावशींची परवानगी मी घेतली आहे.